पाव हिस्सा डिंक

डिंक संपत आल्याचं मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं होतं. एकदा होळीच्या आधी, आणि दुसऱ्यांदा त्या शुक्रवारी, आव लागलेल्या पाच लेकरांसाठी सल्फाचं मिक्श्चर लिहून देऊन ते सायकलवर टांग टाकत होते तेव्हा.

"वर्ध्याला मागणी पाठवलीय ना?"

"पाठवली साहेब. दोन वेळा."

"मग येईल. तोवर पुरवून वापर."

आणि ते गेले. ते सेलूहून मंगळवारी आणि शुक्रवारी येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मीच. मी तेव्हा पंचविशीच्या आतला होतो. नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात दोन वर्षं शिकून आलेला कंपाउंडर. हिंगणीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या त्या गावात दोन कौलारू खोल्यांचा दवाखाना होता. एका खोलीत डॉक्टरांचं टेबल, दुसरीत माझी फळी, तराजू, चिनी मातीचा खल आणि रिकाम्या बाटल्यांची पेटी.

नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा सहा-सात महिने झाले होते. आमची वस्ती सगळीच्या सगळी गेली होती, मीही गेलो होतो. परत आल्यावर गावातल्या काही घरांनी माझ्या हातचं पातळ औषध घेणं सोडलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. फक्त "पुडी द्या" म्हणत. कोरडी पुडी घरी नेऊन आपल्या घागरीतल्या पाण्याबरोबर घेत. मी पुड्या बांधून देत होतो. मोठ्या माणसांचं पुडीवर भागत होतं. पण वर्ष-दोन वर्षांच्या लेकराच्या तोंडात सल्फाची भुकटी टाकली की ते उलटून टाकतं. त्याला मिक्श्चरच लागतं.

सल्फा पाण्यात विरघळत नाही. तिचं मिक्श्चर करायची रीत आम्हाला मारून मुटकून शिकवली होती. आधी डिंक पाण्यात विरघळवून चिकट घोळ करायचा. मग भुकटी खलात घ्यायची, घोळ थेंबाथेंबानं घालत घोटत राहायचं आणि शेवटी पाणी. नीट जमलं की बाटलीत दूध भरल्यासारखं दिसे आणि तासभर ठेवलं तरी दूधच राही. लेकराला पहिल्या चमच्यात जेवढी दवा, तेवढीच शेवटच्या चमच्यात.

त्या शुक्रवारी संध्याकाळी बरणीच्या तळाशी जेवढा डिंक होता तो एका बाटलीला धड पुरला असता. मी तो पाच बाटल्यांत वाटला. प्रत्येकीत पाव हिस्सासुद्धा आला नसेल.

दुसरी बाटली भरतानाच मला दिसलं. मिक्श्चर फाटलं होतं. दूध नासावं तसे बारीक पुंजके झाले, बघता बघता खाली बसले आणि वर नितळ पाणी उभं राहिलं. असं का झालं हे मला बऱ्याच वर्षांनी एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी समजावून सांगितलं. डिंक पाण्यात विरघळतो तेव्हा डोळ्यांना न दिसणारे त्याचे लांबच लांब धागे पाण्यात पसरतात आणि भुकटीच्या कणांना धरतात. डिंक भरपूर असेल तर प्रत्येक कणाला धाग्यांची लव फुटल्यासारखं होतं. दोन कण जवळ आले की त्यांच्या लवा एकमेकींना रेटतात, कण चिकटत नाहीत. पण डिंक थोडका असेल तर कण अर्धे उघडे राहतात. मग एकाच धाग्याचं एक टोक या कणावर, दुसरं त्या कणावर बसतं आणि तो धागा दोघांना बांधून टाकतो. असे शेकडो कण बांधले गेले की त्यांचा पुंजका होतो आणि जड होऊन बुडतो. "थोडा डिंक कधीकधी मुळीच नसण्यापेक्षा वाईट," ते म्हणाले होते. मी त्यांना त्या पाच बाटल्यांबद्दल काही बोललो नाही.

तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की हे बरोबर नाही. मी बाटली हलवली. पुन्हा पांढरं झालं. हलवलं की होतंय ना, मग झालं, अशी मी माझी समजूत घातली. बाटल्यांवर खाचा कापलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, एक खाच म्हणजे एक वेळची दवा. वर शाईनं लिहिलं, 'हलवून द्यावे'. त्या पाच घरांपैकी एकाही घरात वाचता येणारं माणूस नव्हतं.

शनिवारी सकाळी बाटली न्यायला पहिली आली ती एक तरुण बाई, कडेवर दीड वर्षाची मुलगी. मुलीला रक्ताची आव लागली होती. बाईची सासू दवाखान्याच्या पायरीखाली उभी राहिली, वर चढली नाही.

"पुडी घे म्हनलं नं!" सासू खालूनच म्हणाली. "त्याच्या हातचं पानी पाजतं का लेकराले?"

"पाजतो," सून मागे न बघता म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात. मग माझ्याकडे वळून, "द्या भाऊ बाटली. पुडी ओकून टाकते हे."

मी बाटली दिली. दिवसातून चार वेळा, एकेक खाच. हलवून देजा, असं मी सांगितलं का? सांगितलंच असेल, असं मी स्वतःला इतकी वर्षं बजावत आलो आहे. खरं म्हणजे मला आठवत नाही.

मंगळवारी डॉक्टर आले नाहीत. दुसऱ्या तालुक्यात पटकीच्या बंदोबस्ताला त्यांना पाठवल्याचा निरोप आला. आणि सकाळी नवाच्या सुमाराला ती बाई आली. तिनं मुलीला पदराखालून बाहेर काढलं. डोळे आत गेलेले, टाळू बसलेली, ओठ कोरडे. रडत नव्हती. चिमटीत धरून सोडलेली पोटाची कातडी तशीच उभी राहत होती.

"दवा देल्ली का?"

"देल्ली नं. रोज चार वेळा." तिनं बाटली पुढे केली. तळाशी चार बोटं पांढरा लगदा बसला होता. वर काही नव्हतं.

"हे काऊन ठेवलं?"

"तो गाळ आहे नं भाऊ. वरचं वरचं देल्लं. निवळीचं पानी घेतो तसं. हालू नाई देल्लं बिलकूल. लई जपलं."

उन्हाळ्यात तिकडे विहिरी तळाला जात आणि पाणी गढूळ येई. मग जंगलातल्या निवळीची बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासायची, पाणी थोडा वेळ स्वस्थ ठेवायचं. बीचा चिकट रस मातीच्या कणांना एकत्र बांधून खाली नेतो. वरचं नितळ पाणी प्यायचं, गाळ फेकायचा. हे तिला लहानपणापासून येत होतं. माझी बाटलीही तिच्यासमोर तशीच फाटून बसली होती. तिनं जे शहाणपणाचं, तेच केलं. तीन दिवस तिनं पोरीला नुसतं पाणी पाजलं आणि सगळी दवा जपून खाली ठेवली.

मी त्या लगद्याकडे बघत राहिलो. तिनं माझं तोंड बघितलं.

"माह्यं चुकलं का?"

'हो' म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. ते दोन-चार क्षण मी विसरलेलो नाही. पायरीखालून सासूचा आवाज आला, "हिनंच मारली पोरीले! म्हनलं होतं पुडी घे!"

तेव्हा मी बाहेर आलो. "आजी, तिची चूक नाई. माही आहे. दवाच फाटली होती, मले दिसलं होतं, तरी म्या देल्ली."

म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मंग आता काय करतं?"

आता काय करतं. डिंक नव्हता. आणि दवाखान्याच्या कुंपणालाच, वीस पावलांवर, बाभूळ उभी होती आणि तिच्या खोडावर उन्हानं फुटलेले डिंकाचे गोळे लोंबत होते. ते मी रोज बघत होतो. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, झाडाचा डिंक वापरायचा नाही, त्यात साल असते, मुंग्या असतात, वर्ध्याच्या औषध डेपोतून येईल तोच वापरायचा. मी आमच्या वस्तीतला पहिला नोकरदार. नियम मोडायची माझी छाती नव्हती. साबुदाण्याची पातळ पेजसुद्धा त्या भुकटीला धरून राहिली असती, पण पुस्तकात डिंक लिहिला होता म्हणून डोकं तिकडे गेलंच नाही.

आता मी धावत गेलो आणि नखांनी डिंक ओरबाडला. गरम पाण्यात विरघळवला, पट्टीच्या कापडातून दोनदा गाळला, डब्यातली नवी भुकटी खलात घेऊन घोटायला लागलो. बाटली भरून टेबलावर ठेवली आणि समोर बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. दूधच राहिलं. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आनंदानं नाही.

पहिला चमचा पोरीनं ओकला. दुसरा अर्धा गेला. मी म्हटलं तांदळाची पेज मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजत राहा, थांबू नका. म्हातारी तेवढ्यात पायरी चढून आत आली होती. कधी आली मला कळलं नाही. "पेज म्या करतो," ती म्हणाली आणि घराकडे निघाली.

मग मला बाकीच्या चार बाटल्या आठवल्या.

मी आणखी चार बाटल्या दूध घोटलं, पिशवीत घातल्या आणि भर दुपारी बाहेर पडलो. तीन घरं गावात होती, एक आमच्या वस्तीत. मी आधी गावातल्या घरांत गेलो. हे का, ते सांगायला हवं. गावातलं लेकरू दगावलं तर लोक मला जाब विचारायला उभं करतील, ही भीती होती. आपल्या लोकांचं काय, ते समजून घेतील, असं मनात होतं. शिवाय वस्तीतली माणसं तक्रार करायला आली नव्हती, म्हणजे बरंच असेल. असं मी मनाशी म्हणत होतो आणि रस्ता चालत होतो.

पहिल्या घरातलं लेकरू अंगणात कोंबडीमागे धावत होतं. दुसऱ्या घरात बाप रोज बाटली घुसळल्यासारखी हलवून पाजत होता, पोरगा उठून बसला होता. तिसऱ्या घरी मला ओसरीवर चढू दिलं नाही, पण जुनी बाटली बाहेर आणून दाखवली. तळाला तसाच लगदा होता. मी नवी बाटली पायरीवर ठेवली, हलवून द्यायचं तीनदा सांगितलं, त्यांच्याकडून वदवून घेतलं. ते पोरगं पुढे वाचलं.

वस्तीत शिरलो तेव्हा त्या घरासमोर माणसं बसलेली दिसली. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. कोणी मोठ्यानं रडत नव्हतं. मला बघून सगळ्यांनी जागा करून दिली, जणू मी यायचाच होतो.

तीन वर्षांचा मुलगा. पहाटे गेला. त्याचा बाप मला चुलत भावासारखा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. लाकडं तोडायला जंगलात जाणारा, कमी बोलणारा माणूस. तो उठून माझ्याजवळ आला.

"काल दिवसभर नुसता पडून होता," तो म्हणाला. "गाडी जुपून वर्ध्याले न्यावं म्हनत होतो. मंग पोराची माय म्हनली, आपल्या बाबूनं दवा देल्ली आहे, थांबा जराकसं. म्हून थांबलो."

घरात फळीवर बाटली दिसत होती. मला तिथूनच तळाचा पांढरा थर दिसला. माझ्या पिशवीत नवी बाटली होती, दूध भरलेली. ती पिशवी मी पाठीमागे धरली. मुलाच्या आईनं मला बघितलं आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "तुमी लई केलं बाबू."

मी तिथेही बोलायला हवं होतं. सकाळी म्हातारीसमोर मी एका दमात बोललो होतो. इथे मी पिशवी पाठीमागेच धरून उभा राहिलो. तिकडे पोरगी जिवंत होती, काही तरी करता येणार होतं. इथे बोलून काय होणार होतं, असा विचार मी केला म्हणतो, पण तो विचार नव्हता. मी घाबरलो होतो.

दुपार कलल्यावर नाल्याच्या काठी नेलं. लहान लेकराला पुरतात. दीक्षेनंतर वस्तीतलं हे पहिलंच मरण. जुने विधी सोडले होते आणि नवे कोणाला पाठ नव्हते. नागपूरहून आणलेली एक पातळशी पुस्तिका होती. ती माझ्या हातात दिली. "तू शिकलेला आहेस, तू म्हन."

मी त्रिशरण म्हटलं, माझ्यामागून सगळे म्हणत होते. मग पंचशील. पहिलं वचन जीव न घेण्याचं. ते कसं म्हटलं मला माहीत नाही. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे माझा आवाज बंद पडला. लोकांना वाटलं दुःखानं. कोणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडलो. शेवटी ती ओळ मागच्या म्हाताऱ्यानं चुकतमाकत पुरी केली आणि मी नुसते ओठ हलवले.

हात-पाय धुवायला सगळे नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर गेले. बाप मागे राहिला होता. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि सांगितलं. डिंक, पाव हिस्सा, फाटलेलं मिक्श्चर, वरचं पाणी, सगळं. तो वाळूत बोटानं उगाच उकरत ऐकत होता.

"मंजे आमी त्याले पानीच पाजलं?"

"बहुतेक."

त्यानं उकरलेली वाळू तळव्यानं सपाट केली आणि म्हणाला, "हे कोनाले सांगतलं?"

"सकाळी गावात एका घरी. त्यायची पोरगी बिमार आहे."

"ते ठीक. इकडं नोको सांगू." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आपला पोरगा दवाखान्यात बसते म्हून आपल्या बाया आता तिथं यायले लागल्या. हे ऐकलं तं परत भगताकडं जातीन. अन् माह्या घरी तं बिलकूलच नाई सांगायचं. तिनं बाटली हालवली का नाई हालवली, हे म्या तिले कधी इचारनार नाई. तूही नोको इचारू."

"दादा, पन..."

"तुले बोलून मोकळं व्हायचं आहे. समजते मले." तो उठला, धोतर झटकलं. "मले नाई होता येत."

मी तिथेच बसून राहिलो. मारलं असतं तर सोसलं असतं.

शुक्रवारी डॉक्टर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि हात धूत होते. "आव आहे. वेळेवर सल्फा पोटात जाऊनही मुलं जातात," ते म्हणाले.

"आणि सल्फा पोटात गेलीच नाही तर साहेब?"

त्यांनी टॉवेलला हात पुसले. मग टेबलावरची बाटली उचलून उजेडात धरली. "हा कुठला डिंक?"

"कुंपणावरचा. बाभळीचा."

ते नियमाचं काही बोलतील म्हणून मी थांबलो. त्यांनी बाटली खाली ठेवली. "दोनदा उकळून गाळत जा," म्हणाले. वर्ध्याला त्यांनी स्वतः कडक चिठ्ठी लिहिली आणि पंधरा दिवसांनी डिंक आला, चांगला मोठा डबा. माझ्याविरुद्ध त्यांनी काही लिहिलं नाही. मला वाटतं त्यांच्याही मनात ते शुक्रवारचं सायकलवर बसणं राहिलं असावं, पण आम्ही ते कधी बोललो नाही.

ती पोरगी वाचली. आठ दिवस आज जाते का उद्या, अशी होती. केस गळाले, पाय काड्यांसारखे झाले, पण पोळ्याच्या सुमाराला चालायला लागली. तिची आजी नंतर एकदा खोकल्याची दवा न्यायला आली. पायरी चढून आत आली आणि पदराखालून पाण्यानं भरलेला तांब्या काढून माझ्यासमोर ठेवला. "या पान्यात करून दे," म्हणाली. मी त्या पाण्यात करून दिली. हसावं की काय करावं, कळलं नाही.

वस्तीतल्या त्या घरावरून मी वर्षभर रोज गेलो. बाप भेटला की पूर्वीसारखाच बोले, लाकडांचं, पावसाचं. त्याच्या त्या चांगुलपणानं मला जेवण जात नसे. कधीकधी मनात येई, त्याच्या बायकोसमोर जाऊन बसावं आणि सांगून टाकावं. दोनदा दारापर्यंत गेलो. एकदा ती दळत होती, एकदा घरी नव्हती. मग मी ते सोडून दिलं. सोडून देणं हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सापडत नाही.

पुढच्या वर्षी माझी आर्वीला बदली झाली. मोटार रस्त्यावर थांबे तिथे ती दोघं मला पोचवायला आली. तिच्या खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ होतं. तिनं फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी माझ्या हातात दिली.

"तिथंही असंच जीव लावून दवा देजा बाबू," ती म्हणाली.

तो बाजूला उभा राहून मोटारीच्या चाकाकडे बघत होता.

मी आर्वीपर्यंत ते फडकं मांडीवर धरून बसलो. भाकर फेकून द्यावी असं वाटलं, ती खायचा मला हक्क नाही असंही वाटलं. आर्वीला उतरलो तेव्हा दुपार झाली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. अड्ड्यावरच्या एका झाडाखाली बसलो आणि ती सगळी भाकर खाल्ली.